फोनचे पाच रिसेट आणि सात-दहाची गाडी

नेर बसस्थानकावर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक असताना मारोतराव गावंडे यांनी एकही गाडी उशिरा सोडली नाही. ही गोष्ट नेर तालुक्यात ज्याला माहीत नसेल त्याची आणि मारोतरावांची अजून भेट झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. उशिरा आलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. त्यांना रस्ता, टायर आणि ड्रायव्हर जबाबदार होते. उशिरा सुटलेली गाडी मात्र एकही नाही. आलेली आणि सुटलेली यांतला फरक मारोतराव समोरच्याला चहा संपेपर्यंत समजावून सांगत, आणि चहा लवकर संपला तर दुसरा मागवत.

अशा माणसाचा फोन गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी बंद पडला.

फोन तसा त्यांचा नव्हे, त्यांच्या पत्नी इंदुताईंचा. वावरही इंदुताईंचंच. सातबाऱ्यावर नाव त्यांचं आणि दोन एकरांतली कपाशीही त्यांच्या पद्धतीची. तालुक्यातल्या एका शेतकरी मंडळानं कपाशीची स्पर्धा ठेवली होती, तिच्यात त्यांनी नाव दिलं होतं. नियम असा, की पेरणीपासून दर रविवारी एकाच जागेवरून, मागे तेच झाड ठेवून, पिकाचा एक फोटो काढायचा आणि पाहणीच्या दिवशी सगळे फोटो तारखांसकट समितीला दाखवायचे. इंदुताईंचे चोवीस रविवार झाले होते. एका रविवारी अंगात ताप होता, एका रविवारी घरी पाहुणे होते, दोन रविवारी गुडघाभर चिखल होता. फोटो मात्र चोवीसच्या चोवीस होते आणि प्रत्येकात मागे तेच कडुनिंबाचं झाड होतं. समिती शनिवारी चार वाजता येणार होती.

"फोन काहून काळा पडला?" इंदुताईंनी विचारलं.

"तू घाबरू नको. हे काम माह्यावर सोड," मारोतराव म्हणाले.

इंदुताई तोवर घाबरल्या नव्हत्या. हे वाक्य ऐकल्यावर घाबरल्या.

मारोतरावांनी आधी अभ्यास केला. यंत्राला माहितीशिवाय हात लावणारा माणूस त्यांना फलाटावर चालत्या गाडीत चढणाऱ्या माणसासारखा वाटे. शेजारच्या धम्मरत्न सरांचा फोन मागून घेऊन त्यांनी दोन तास वाचन केलं आणि नोंदवहीत वेळापत्रकासारखे रकाने आखले: प्रकार, कृती, काय जातं, काय राहतं. रिसेट म्हणजे एकच गोष्ट असते असं जग समजतं. तसं नाही. ते पाच प्रकारचे असतात. पहिला साधा, म्हणजे बंद करून चालू करायचा. यात काहीच जात नाही. दुसरा जबरीचा, म्हणजे स्क्रीन ऐकत नसेल तर बाजूची दोन बटणं दाबून धरायची. यातही काही जात नाही. तिसरा नेटवर्कचा, यात वायफायचे पासवर्ड जातात, फोटो राहतात. चौथा सेटिंगचा, यात घंटीचा आवाज, अक्षरांचा आकार वगैरे मूळ पदावर येतात, फोटो राहतात. आणि पाचवा फॅक्टरीचा. या रकान्यात 'काय जातं' खाली त्यांनी लिहिलं 'सर्व', आणि 'काय राहतं' खाली एक आडवी रेघ मारली.

"पाचव्यावर जायची गरज पडणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

जाहीर करायला माणसं जमली होती. नियंत्रकाच्या घरी काही बिघडलं आहे, ही बातमी गल्लीत तशी क्वचितच मिळे. पलीकडच्या घरातल्या तुळसाबाई आल्या आणि ओसरीवर बसत म्हणाल्या, "तांदळात ठेवा जी भाऊ त्याले. माह्या सुनेचा फोन म्या आठ दिवस तांदळात ठेवला होता. एकदम मस्त चालून राह्यला."

"पाण्यात पडला होता का?"

"पाण्यात कायले पडते? नातवंडं खेळत राह्यची त्याच्यावर, म्हणून लपवला होता."

मारोतरावांनी ही सूचना नोंदवहीत घेतली नाही.

समोरचे भीमसिंग राठोडही आले. तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नोकरीत त्यांना एकच मेमो मिळाला होता, तोही मारोतरावांच्या रिपोर्टवरून. गाडी दोन मिनिटं उशिरा काढली म्हणून. त्याच्यावर दोघांत कधी भांडण झालं नाही. भीमसिंग फक्त अधूनमधून, कुठलाही विषय चालू असताना, "दोन मिनटं" एवढंच म्हणत आणि गप्प बसत.

"साहेब," भीमसिंग म्हणाले, "गाडी बंद पडली का मी आंदी पॅसिंजर उतरवत होतो, मंग धक्का मारत होतो. वहिनीचे फोटो उतरवले का?"

प्रश्न बरोबर होता आणि म्हणूनच मारोतरावांना तो आवडला नाही. पण उत्तर तयार होतं. फोटो आपोआप ईमेलच्या खात्यात चढत होते. रविवारीच त्यांनी फोटो चढल्याची बरोबरची खूण स्वतः पाहिली होती. "पॅसेंजर आधीच दुसऱ्या स्टँडवर पोचले आहेत, भीमसिंग. गाडी मोडली तरी माणूस सुखरूप."

"मंग बिनधास्त मारा धक्का," भीमसिंग म्हणाले.

गुरुवारी दुपारी पहिला आणि दुसरा प्रकार झाला. फोन जागा होई, चार मिनिटं नीट वागे आणि पुन्हा गोठे. संध्याकाळी तिसरा झाला. फोन घरातलं वायफाय विसरला, गोठायचं मात्र विसरला नाही. शुक्रवारी सकाळी चौथा झाला, घंटीचा आवाज मूळ पदावर आला आणि त्याच आवाजात फोन कायमचा थिजला. स्क्रीनला बोट लावलं तरी तिला ते कळेना. आता मागे फिरायला रस्ता नव्हता. शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी, खास अर्धी रजा टाकून आलेले धम्मरत्न सर साक्षीला असताना, मारोतरावांनी आवाजाचं आणि चालू-बंदचं बटण एकदम दाबून धरलं, काळ्या पडद्यावरच्या बारीक अक्षरांतून 'सर्व पुसा' ही ओळ बटणांनीच गाठली आणि फोनचा पाचवा रिसेट पार पाडला.

फोन नव्यासारखा उठला. मारोतरावांच्या चेहऱ्यावर, एकतीस वर्षांत दिवाळीच्या गर्दीत सगळ्या जादा गाड्या सोडल्यानंतर येत असे तसा, शांत अभिमान आला. मग फोननं विचारलं: या फोनवर आधी जे खातं होतं, त्याचा ईमेल आणि पासवर्ड टाका.

"हे काय विचारून राह्यला?" इंदुताई म्हणाल्या.

धम्मरत्न सर शाळेत समजावतात तसं समजावू लागले. "ताई, बटणांनी पुसलेला फोन चोरीचा असू शकतो. म्हणून तो आधीच्या मालकाची ओळख मागतो. पासवर्ड टाकल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. आणि फोटो पण त्याच खात्यात आहेत."

"म्हणजे पासवर्ड टाकला का फोन बी उघडते, फोटो बी येते?"

"हो."

"आन नाई टाकला तर दोन्ही नाई."

"हो."

सगळ्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. खातं दोन वर्षांपूर्वी त्यांनीच काढलं होतं, एकट्यानं, कोणाची मदत न घेता, आणि नंतर पासवर्ड टाकायची वेळ कधी आली नव्हती. ईमेल आठवला. पासवर्डच्या जागी त्यांनी नात खुशीचं नाव टाकून पाहिलं, लग्नाची तारीख टाकली, निवृत्तीची तारीख टाकली, सेवा क्रमांक टाकला. फोननं प्रत्येक वेळी लाल अक्षरांत नकार दिला. नकार सभ्य भाषेत होता, पण मारोतरावांना तो त्यांच्या टेबलाशी उभं राहून कोणी हुज्जत घालावी तसा वाटला.

पासवर्ड विसरलात का, असंही फोन विचारत होता. हो म्हटलं, की नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवतो म्हणाला. नोंदवलेला नंबर जुना होता. ते सिम वापरात नसल्यानं दीड वर्षापूर्वीच बंद झालं होतं. स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात चौकशी केल्यावर कळलं, की बंद झालेला नंबर कंपनी पुढं दुसऱ्याला देते. मारोतरावांनी धम्मरत्न सरांच्या फोनवरून स्वतःचाच जुना नंबर लावला. तो घाटंजीच्या लखीराम नावाच्या गृहस्थांनी उचलला.

"नमस्कार. मी मारोतराव गावंडे, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, नेर. आपल्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील."

"आले."

"ते कृपया सांगता का?"

लखीराम म्हणाले, "ओटीपी कोणालेच सांगाचा नसते."

"बरोबर आहे. पण हा ओटीपी माझाच आहे."

"सगळे असंच म्हंतात. मांगं एकजण बँकेचा साहेब होता. तुमी स्टँडचे साहेब."

"अहो, मी एकतीस वर्षं..."

"वयाच्या मानानं हे धंदे शोभते का तुमाले? पुन्हा फोन करसान तर पोलिसात देईन." आणि फोन ठेवला.

मारोतरावांचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात त्यांना प्रवाशांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण भामटा कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी सरांचा फोन पुसून त्यांना परत दिला. शेवटी म्हणाले, "नियमानं तो माणूस बरोबर आहे." हे म्हणताना त्यांना जो त्रास झाला, तो फक्त इंदुताईंना दिसला.

मंडळाच्या पाहणी समितीच्या साधना मॅडमना फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागावी, असं ठरलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "काका, मी मुदत देईन, पण मग बाकीच्या सतरा जणांनी काय केलं? फोटो तारखेसकट, पाहणीच्या वेळी. शनिवारी चार ते पाच म्हणजे चार ते पाच. पाचला मी पुढच्या गावाला निघणार."

हेही नियमानं बरोबर होतं. एका दिवसात दोनदा नियमाकडून हरण्याची मारोतरावांची ही पहिलीच वेळ.

इंदुताई दुपारीच कपाशीकडे निघून गेल्या. संध्याकाळी त्या वावरातून आल्या, पाय धुतले आणि उंबऱ्यात टेकून म्हणाल्या, "तापात बी गेलती मी. तुमी म्हणे नको जाऊ, एका फोटोनं काय होते. मी म्हटलं, तेवीस म्हटले का कोणी चोवीस समजत नाई." मग जरा थांबून, "तुमचंच ऐकून ऐकून तसं झालं मले."

मोजायची, नोंदवायची ही सवय ऐकून मारोतरावांना दुसरंच काही आठवलं. कोणताही नंबर, कोणतीही महत्त्वाची गोष्ट या घरात कुठं लिहिली जात असे? स्वयंपाकघराच्या दाराजवळ, चार्जर लावायच्या बटणाशेजारी, भिंतीवर, पेन्सिलीनं. गॅसवाल्याचा नंबर, दूधवाल्याचा नंबर, पीठगिरणी बंद असण्याचा वार, सगळं तिथंच. नोंदवही हरवते, भिंत हरवत नाही, असं इंदुताईंचं म्हणणं आणि त्या बाबतीत नियंत्रकांनीही हार मानलेली.

भिंत हरवली नव्हती. पण दसऱ्याच्या आधी तिला रंग दिला होता, फिका हिरवा, दोन हात.

शनिवारी सकाळी सात वाजता खरवडणं सुरू झालं. मारोतरावांच्या हाती चमचा, भीमसिंगांच्या हाती इंजिनाच्या कामातली जुनी पट्टी आणि धम्मरत्न सरांच्या हाती ओला फडका. दुसरा शनिवार असल्यानं त्यांना सुट्टी होती. तुळसाबाई देखरेखीला. भिंतीनं हळूहळू आपला इतिहास सोडायला सुरुवात केली. आठ वाजता दूधवाला सापडला. साडेनऊला गिरणीचा वार. दहाला एका नळवाल्याचा नंबर निघाला, जो इंदुताई दोन महिन्यांपासून शोधत होत्या; सरांचा फोन घेऊन त्याला तिथल्या तिथं त्यांनी मोरीचं काम सांगून टाकलं. बारा वाजता पोपडा मोठा निघाला आणि त्याच्याबरोबर खालचं प्लास्टरही आलं. भिंतीला वीतभर खड्डा पडला.

"थांबा जी, घर पाडता का आता?" तुळसाबाई ओरडल्या. "तांदळात ठेवा म्हटलं तवा कोणी ऐकलं नाई."

जेवण कोणी नीट केलं नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी, बटणाच्या अगदी खाली, ओल्या फडक्याखालून मारोतरावांचं रेखीव अक्षर वर आलं. आधी ईमेल. त्याखाली एक ओळ: 'पासवर्ड – इंदूची गाडी, वेळेसह.'

"इंदूची गाडी?" धम्मरत्न सर म्हणाले. "म्हणजे इंग्रजीत इंदू आणि पुढं गाडीची वेळ. चार अक्षरं, चार आकडे. आठ होतात, पासवर्डला कमीत कमी लागतात तेवढे. पण ही गाडी कोणती?"

मारोतरावांना ओळ वाचताक्षणी सगळं आठवलं होतं. म्हणूनच त्यांनी चमचा उचलून भिंत पुन्हा खरवडायला घेतली.

लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. इंदुताई मामेबहिणीच्या लग्नाला मारेगावला निघाल्या होत्या. नेरहून सात-दहाची यवतमाळ गाडी, पुढं दुसरी. मारोतराव पहाटेच ड्युटीवर गेलेले, त्या मागून येत होत्या. सात वाजून दहा मिनिटांनी मारोतरावांनी काचेतून पाहिलं, तर त्या स्टँडच्या फाटकाशी उभ्या होत्या. चपलेचा अंगठा तुटलेला, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात ट्रंक. गाडी भरलेली, कंडक्टर सही घ्यायला खिडकीत उभा. आणि मारोतराव म्हणाले, "थांबा, पेन सापडत नाही." चार मिनिटं त्यांनी तीन खण उपसले. इंदुताई गाडीत चढल्या आणि पेन सापडला. रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं: सुटली सात-दहा. त्याविषयी नवराबायकोत कधीही एक शब्द झाला नाही. दोन वर्षांपूर्वी पासवर्ड टाकताना, कोणी बघत नाही म्हणून, त्यांनी खरी वेळ टाकली होती.

आता मात्र सगळे बघत होते. बाहेर गाडी थांबली आणि तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी साधना मॅडम आत आल्या. मारोतरावांच्या चष्म्यावर चुना साचला होता, म्हणून फोन भीमसिंगांच्या हातात होता आणि त्यांचं बोट अक्षरांवर तयार होतं.

"सांगा साहेब, वेळ."

मारोतरावांनी घसा साफ केला. "सात-दहा."

भीमसिंगांनी शांतपणे टाकलं. लाल अक्षरं आली.

"नाई घेत."

"नीट टाका. शून्य सात, एक शून्य."

भीमसिंगांनी पुन्हा तितक्याच शांतपणे टाकलं. पुन्हा लाल.

"काका," साधना मॅडम म्हणाल्या, "चुकीचा पासवर्ड फार वेळा टाकला तर फोन काही तास बंदच करतो."

चार वाजून आठ मिनिटं झाली होती. मारोतरावांनी इंदुताईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरची ओळ वाचत उभ्या होत्या. ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचली होती, कारण बटणाखालच्या त्या कोपऱ्यापुढं नेहमी पिठाचा डबा असे. वेळ त्यांना माहीत होती. ती सांगायचं काम मात्र आपलं नाही, असं त्यांचा चेहरा म्हणत होता.

मारोतराव उठून उभे राहिले. एकतीस वर्षं ते माईकसमोर असेच उभे राहत.

"सात-चौदा," ते म्हणाले. स्पष्ट, दोनदा, घोषणा करावी तसं. "नियोजित वेळ सात-दहा. प्रत्यक्ष सुटली सात-चौदा."

तुळसाबाईंनी तोंडाला पदर लावला. एकटे भीमसिंग टाइप करत होते. शून्य, सात, एक, चार. लाल अक्षरं आली नाहीत. फोन उघडला.

मग भीमसिंगांनी मान वर केली. "साहेब, ती गाडी माह्याकडं होती. मी इंजिन चालू ठेवून खिडकीपाशी आलतो विचाराले."

"मग?"

"पेन तुमच्या कानावरच होता."

इंदुताई हसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. धम्मरत्न सर फडका तोंडावर धरून मागच्या दारी गेले. मारोतराव मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसराच हिशेब चालला होता. "म्हणजे तुम्हाला हे तेव्हापासून माहीत होतं. मग तुमच्या दोन मिनिटांचा मी रिपोर्ट केला, तेव्हा काहून नाही बोलले?"

"काहून बोलू? तो रिपोर्ट बरोबर होता जी. मी चहा पीत होतो. तुमी तर वहिनीची वाट पाहून राह्यले होते."

फोटो एकेक करत येऊ लागले. पहिल्यात ओली काळी माती आणि कडुनिंब. चौथ्यात बोटभर रोपं. अकराव्यात पाऊस झाडाच्या मागे उभा. सतराव्यात फुलं. तापाच्या रविवारी फोटो किंचित वाकडा. चोविसाव्यात पांढरंशुभ्र वावर आणि एका कोपऱ्यात इंदुताईंची लांब सावली. साधना मॅडमनी तारखा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "चोवीस. एकही सुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "सतरा जणांत असा एकही नाही, ताई." चार सत्तावीसला सगळे वावराकडे निघाले आणि पाच वाजता मॅडमची गाडी पुढच्या गावाला सुटली. वेळेवर.

निकाल जानेवारीत लागला. इंदुताई गावंडे, तालुक्यात पहिल्या. प्रमाणपत्र घरी आलं तेव्हा ते खरवडलेल्या भिंतीवर, प्लास्टर पडलेल्या खड्ड्यावर लावायचं ठरलं. उरलेल्या भागाला रंग द्यायला रंगारी आला होता, पण बटणाखालच्या तेवढ्या जागेला ब्रश लावू देणार नाही, असं इंदुताईंनी त्याला सांगितलं. पिठाचा डबाही तिथून हलवला. तिथं अजून मारोतरावांच्या अक्षरात 'इंदूची गाडी' एवढं वाचता येतं. पासवर्ड दुसऱ्याच दिवशी बदलला, त्यामुळं आता वाचायला हरकत नाही. त्या ओळीपुढं मारोतरावांनी नंतर, नियमाप्रमाणे, दोन रकाने आखून दोन्ही वेळा भरल्या आहेत आणि खाली सही केली आहे.

घरी आलेल्या प्रत्येकाला ते आधी प्रमाणपत्र दाखवतात, मग भिंत, मग नोंदवहीतले पाच रिसेट. आणि चहा संपायच्या आत आवर्जून सांगतात, की नेर बसस्थानकावर एकतीस वर्षांत आपण एकच गाडी उशिरा सोडली.

"चार मिनटं," समोरच्या ओट्यावरून भीमसिंग म्हणतात.

"चार," मारोतराव ताठ बसून म्हणतात, आणि दुसरा चहा मागवतात.